ऑफिसच्या फोनवरचे व्हॉइसमेल बाहेर कसे काढायचे आणि कुणाला, कसे पाठवायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरीच्या एका एक्स्पोर्ट कंपनीत ताई कस्टमर कोऑर्डिनेशन बघतात. अमेरिकेतले गिऱ्हाईक आपल्या रात्री फोन करतात आणि ताईंच्या एक्स्टेन्शनवर मेसेज ठेवतात. असे चाळीसएक मेसेज साठलेत. त्यातल्या दोनांत ऑर्डरच्या क्वांटिटीचा तोंडी बदल आहे आणि आता त्यावरून पेमेंटचा वाद चालू आहे. आणखी एक मेसेज ऑफिसातल्या सीनियर सरांचा आहे, ते कोरोनात गेले. महिनाअखेरीला कंपनी जुनी फोन सिस्टीम काढून नवी बसवणार आहे. ताई विचारतात, मी सगळे मेसेज ९ दाबून सेव्ह केलेत, तेवढं पुरेल ना, आणि नाही पुरलं तर स्पीकरवर लावून मोबाईलने रेकॉर्ड करून पाठवले तर चालतील का?

मी गेली बावीस वर्षं ऑफिसांच्या ईपीएबीएक्स (ऑफिसातले आतले फोन जोडणारं मशीन) आणि आयपी (कॉम्प्युटरच्या नेटवर्कवर चालणाऱ्या) फोन सिस्टीम बसवतो, बदलतो, दुरुस्त करतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, पहिलं म्हणजे ९ दाबून झालेलं सेव्ह हे खरं सेव्ह नव्हे. मेसेज तिथेच त्याच मशीनमध्ये त्याच डिस्कवर राहतो, फक्त एका खणातून दुसऱ्या खणात जातो. ॲस्टरिस्क या फुकट मिळणाऱ्या फोन सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या सिस्टीम आपल्याकडे भरपूर आहेत, त्यात ९ दाबलं की रेकॉर्ड केलेल्या आवाजातली बाई विचारते कुठल्या फोल्डरमध्ये टाकू, ० म्हणजे नवे, १ जुने, २ वर्क, ३ फॅमिली, ४ फ्रेंड्स. ऐकायला छान वाटतं की आपण वर्कमध्ये नीट ठेवलंय, पण मशीन काढलं की पाचही फोल्डर एकदम जातात. शिवाय फोल्डरला मर्यादा असते, ॲस्टरिस्कमध्ये कुणी बदललं नसेल तर १०० मेसेज, आणि नवीन मेसेजांचा खण भरला की गिऱ्हाइकाला मेलबॉक्स भरलाय असं ऐकू येतं आणि त्याचा निरोप घेतलाच जात नाही. आणि काही सिस्टीममध्ये एकदा ऐकलेला मेसेज ठरावीक दिवसांनी, काहींत तर एका दिवसात, आपोआप पुसला जातो. म्हणून महत्त्वाचे मेसेज आता परत परत लावून बघू नका, आधी बाहेर काढा. आणि ७ च्या आसपास बोट नेऊ नका, ॲस्टरिस्कमध्ये ७ म्हणजे डिलीट.

मग बाहेर कसे काढायचे. हे तुमची सिस्टीम कुठली यावर आहे, पण ओळखणं अवघड नाही. व्हॉइसमेल आला की तुम्हाला ईमेल येतो का? ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन आणि पासवर्ड टाकून उघडणारं एखादं पान आहे का? का फक्त फोनवरचा दिवा लागतो आणि स्टार ९७ वगैरे फिरवून ऐकावं लागतं? ही तीन उत्तरं आयटीवाल्याला सांगितलीत तरी त्याला अर्धं कळेल.

मायक्रोसॉफ्ट टीम्सवर फोन असेल तर काम सोपं आहे, तिथे व्हॉइसमेल तुमच्या आउटलुकच्या मेलबॉक्समध्येच एमपीथ्री म्हणून येऊन पडतो, ती फाईल उतरवून घ्या. फक्त एक ध्यानात ठेवा, माणसाने कंपनी सोडली आणि त्याचं खातं बंद झालं की हे मेसेजही त्याच्याबरोबर जातात, म्हणून निघण्याच्या आधी काढायचे, निघाल्यावर नाही.

ॲस्टरिस्क किंवा त्यावरच बेतलेलं फ्रीपीबीएक्स असेल तर तीन रस्ते आहेत. एक, युजर पॅनेल, म्हणजे वर सांगितलेलं ब्राउझरमधलं पान, चालू असेल तर तिथून एकेक मेसेज डाउनलोड होतो. दोन, व्हॉइसमेल ईमेलवर पाठवायची सोय चालू करून घ्यायची. यात लोक एक गोष्ट हमखास विसरतात, ही सोय पुढे येणाऱ्या मेसेजांना लागू होते, आधीच साठलेले चाळीस मेसेज त्यामुळे आपोआप मेलवर येत नाहीत. जुन्यांसाठी युक्ती अशी की ईमेल चालू केलेल्या एखाद्या दुसऱ्या एक्स्टेन्शनला ८ दाबून मेसेज फॉरवर्ड करायचा, तिकडे तो नवा म्हणून येतो आणि मेलला जोडून बाहेर पडतो. मात्र अशा कॉपीवर तारीख मूळ कॉलची दिसते का फॉरवर्ड केल्याची, हे पहिल्या मेसेजवरच तपासा. आणि त्या सेटिंगच्या शेजारीच आणखी एक असतं, मेल पाठवला की सिस्टीममधून मेसेज पुसा. ते चालू असलं आणि मेल कुठे अडकला किंवा परत आला, तर मेसेज दोन्हीकडून गेला. ते बंद आहे याची खात्री करूनच फॉरवर्डला हात लावा.

तिसरा रस्ता मला सगळ्यात आवडतो, तो म्हणजे आयटीवाल्याने सर्व्हरवरचा तुमच्या एक्स्टेन्शनचा अख्खा फोल्डरच उचलून द्यायचा. हा वार (var), मग स्पूल (spool), मग ॲस्टरिस्क, मग व्हॉइसमेल अशा एकात एक फोल्डरांच्या वाटेवर असतो. आत प्रत्येक मेसेजच्या निदान दोन फाईली असतात, एक आवाजाची आणि त्याच नावाची एक छोटी टेक्स्ट फाईल. त्या टेक्स्ट फाईलकडे कुणी बघत नाही पण जीव तिच्यात असतो! कुठल्या नंबरवरून आला, कुठल्या तारखेला, किती सेकंदांचा, आणि १ जानेवारी १९७० पासून मोजलेल्या सेकंदांत नेमकी वेळ, हे सगळं तिच्यात लिहिलेलं असतं. नुसता आवाज उचलला तर उद्या कुणी विचारलं हा मेसेज कधीचा, तर तुमच्याकडे उत्तर नाही. म्हणून जोडी तोडायची नाही. अजून एक, फाईलींची नावं ००००, ०००१, ०००२ अशी क्रमाने असतात आणि मधला एक मेसेज डिलीट केला की मागचे सगळे एकेक आकडा पुढे सरकतात, म्हणजे आज ज्याचा नंबर ०००५ तो उद्या ०००४. आकड्यावर विसंबून कुणाला मेल लिहू नका.

आणि अगदी जुनं ईपीएबीएक्स असेल, व्हॉइसमेलचं कार्ड आत बसवलेलं आणि बाहेर काढायची सोयच नाही, तर? तर कॉम्प्युटरवर सॉफ्टफोन, म्हणजे कॉम्प्युटरवरून फोन लावायचं सॉफ्टवेअर, टाकायचा, ज्यात कॉल रेकॉर्ड होतो असा, त्याने आपल्याच मेलबॉक्सला फोन लावायचा आणि मेसेज वाजत असताना तो कॉल रेकॉर्ड करायचा. आवाज लाइनीतून थेट येतो, खोलीतला गोंगाट येत नाही. सिस्टीम इतकी जुनी असेल की सॉफ्टफोन तिला जोडता येत नाही, तरी बाहेरून नंबर फिरवून मेलबॉक्समध्ये शिरता येत असेल तर तसं शिरून तो कॉल रेकॉर्ड करा.

आता मोबाईल आणि स्पीकरचं. चालेल का? दुसरं काही शक्य नसेल तर चालेल, आणि उद्या मशीन निघणार असेल तर आज रात्रीच करा, लाजू नका. पण तो शेवटचा उपाय आहे. ऑफिसफोनचा स्पीकर बारका, आवाज फाटतो, वर एसीची घरघर आणि शेजारच्या टेबलावरचं बोलणं. करायचंच असेल तर पंखा बंद, दार बंद, मोबाईल स्पीकरपासून वीतभर लांब, आवाज मध्यम. आणि मेसेजबरोबर त्याची तारीख वेळही वाजवून घ्या, ॲस्टरिस्कमध्ये मेसेज चालू असताना ३ आणि परत ३ दाबलं की बाई तारीख, वेळ आणि नंबर बोलून दाखवते, ते त्याच रेकॉर्डिंगमध्ये येऊ द्या.

फाईल हातात आली की पुढचा घोळ असतो, ती उघडत नाही. कारण फोनचा आवाज वेगवेगळ्या पद्धतीने साठवतात. साधी वेव्ह फाईल असेल तर सेकंदाला ८००० नमुने, १६ बिट, म्हणजे मिनिटाला साधारण एक एमबी, ही कुठेही वाजते. पण जागा वाचवायला बऱ्याच सिस्टीम वेव्ह४९ नावाचा प्रकार वापरतात, त्यात आत जीएसएमने दाबलेला आवाज असतो, मिनिटाला जेमतेम १०० केबी. विंडोजवर ती वाजते आणि साहेबांच्या मोबाईलवर वाजत नाही, मग साहेब म्हणतात फाईल खराब पाठवली. खराब नसते ती. ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात उघडून एमपीथ्री करा आणि ती कॉपी पाठवा. मोठा बिटरेट (म्हणजे सेकंदाला जास्त डेटा) निवडून काही मिळत नाही, कारण फोनच्या लाइनीत मुळातच ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज येतो, जे आलंच नाही ते नंतर कुठून आणणार. मूळ फाईल मात्र आहे तशी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायची, तिच्यावर आवाज वाढव, खरखर काढ असलं काही करायचं नाही.

नावं देताना तारीख पुढे, मग गिऱ्हाईक, मग विषय. आणि इथे वेळेची भानगड येते जी तुमच्यासारख्या कामात फार महत्त्वाची आहे. समजा शिकागोतला गिऱ्हाईक उन्हाळ्यात शुक्रवारी संध्याकाळी ५.४० ला घरी निघताना मेसेज ठेवतो. आपल्याकडे तेव्हा शनिवार पहाटेचे ४.१० वाजलेले असतात. आणि सर्व्हरचं घड्याळ जागतिक वेळेवर लावलेलं असेल, बऱ्याचदा असतंच, तर सिस्टीम सांगते शुक्रवार रात्री १०.४०. एकाच मेसेजच्या या तीन वेळा, दोन तारखा. तो म्हणतो मी शुक्रवारी सांगितलं, तुम्ही म्हणता आम्हाला शनिवारी मिळालं, आणि दोघंही बरोबर असता. म्हणून नावात भारतीय वेळ लिहा आणि मेलमध्ये एका ओळीत तिकडची वेळही लिहा. वाद क्वांटिटीचा असेल आणि शनिवारी सकाळी माल लोड झाला असेल तर सगळं या काही तासांवरच अडतं.

पाठवताना फाईलबरोबर दोन ओळींचा मजकूर द्याच, कोण बोललं, काय म्हणालं, कितव्या सेकंदाला. नुसती ऑडिओ फाईल कुणी ऐकत नाही, मॅनेजर गाडीत असतो, अकाउंट्सवाल्याकडे हेडफोन नसतो. आजकाल सिस्टीम आपोआप मजकूर करून देते पण आकड्यांच्या बाबतीत तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, फोनच्या आवाजात फिफ्टीन आणि फिफ्टी यांत माणसाचा कान फसतो तिथे मशीनचं काय. तुमचा वाद क्वांटिटीचाच आहे म्हणून मुद्दाम सांगतो, तो आकडा दोन वेगवेगळ्या माणसांना एकमेकांना न सांगता ऐकायला द्या आणि दोघांनी काय ऐकलं ते लिहून घ्या. आणि अर्धा तुकडा कापून पाठवू नका, मेसेज पूर्ण पाठवा. तुकडा पाठवला की समोरच्याच्या मनात पहिला प्रश्न हाच येतो की पुढे मागे काय होतं.

कुणाला पाठवायचं हा कसं पाठवायचं याच्याइतकाच मोठा प्रश्न आहे. ऑफिसच्या सिस्टीमवरचा मेसेज कंपनीचा असतो आणि त्यातला आवाज गिऱ्हाइकाचा. त्याने तो तुमच्यासाठी ठेवलाय, बावन्न जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपसाठी नाही. मॅनेजरला आधी एक मेल टाका की हे हे मेसेज मी वकिलांना आणि अकाउंट्सला देतेय, त्यांचं हो लेखी येऊ द्या, मग पाठवा. मेलला जोडणं सगळ्यात बरं, जीमेलमधून २५ एमबीपर्यंत जातं, म्हणजे चार सहा मेसेज आरामात जातील. जास्त असतील तर ड्राइव्हवर ठेवा पण लिंक ठरावीक माणसांच्या मेल आयडीलाच उघडेल अशी करा, लिंक असेल त्या कुणालाही अशी नको. व्हॉट्सॲपनेच पाठवायची वेळ आली तर ऑडिओ म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून जोडा, म्हणजे फाईल नावासकट जशीच्या तशी पोचते. पाठवण्याआधी पूर्ण ऐका. गिऱ्हाईक कधी कधी घाईत कार्डाचा नंबरसुद्धा बोलून ठेवतात, आणि तो मेसेज तसाच पाच जणांना गेलेला मी पाहिलाय. असं काही असेल तर पाठवायच्या कॉपीत तेवढा भाग गप्प करा आणि तसं केल्याचं लिहा.

ते दोन वादातले मेसेज मात्र या सगळ्यांतून बाजूला काढा. प्रकरण कोर्टात जाईल का नाही सांगता येत नाही, पण जाईल असं धरून आजच वागा कारण नंतर मशीनच नसणार. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतं, पूर्वी ते पुरावा कायद्याच्या कलम ६५ब खाली होतं आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली आहे. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने ज्या खटल्यात हे प्रमाणपत्र सक्तीचं म्हणून पक्कं केलं तो आपल्या जालन्याचाच, अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्या निवडणुकीचा, आणि तिथेही भांडण उमेदवारी अर्ज वेळेत भरला का उशिरा, हे दाखवणाऱ्या ऑफिसातल्या व्हिडिओ रेकॉर्डिंगवरच आलं होतं. म्हणजे रेकॉर्डिंग असून भागत नाही, ते कुठल्या मशीनमधून, कुणाच्या ताब्यातून आलं हे सांगणारा कागद लागतो. नव्या कायद्याच्या नमुन्यात दोन भाग आहेत, एक देणाऱ्याने भरायचा, एक तज्ज्ञाने, आणि फाईलचा हॅश लिहायचा असतो. हॅश म्हणजे फाईलचा अंगठा समजा, एक बिट बदललं तरी अंगठा बदलतो. आयटीवाल्याला सांगा की मूळ फाईल सर्व्हरवरून उचलल्या उचलल्या तिचा एसएचए-२५६ हॅश काढ आणि तारखेसकट मेलवर पाठव, पाच मिनिटांचं काम आहे. बाकी कायद्याचं तुमचे वकील बघतील, पण वकिलाकडे जाईपर्यंत मशीन भंगारात गेलं असेल तर तोही काही करू शकत नाही.

एक जाता जाता, कारण हे मला दोनदा विचारलं गेलंय. व्हॉइसमेलवर कुणी घाणेरडं बोलून ठेवलं असेल आणि तक्रार कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाची असेल तर फाईल फक्त अंतर्गत समितीला द्यायची, मैत्रिणींनाही फिरवायची नाही, २०१३ च्या कायद्याचं कलम १६ तक्रारीचा मजकूर आणि नावं जाहीर करायला बंदी करतं.

आता सरांचा मेसेज. यावर मला मनापासून बोलायचंय. बऱ्याच वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका ऑफिसात आम्ही जुनं कार्ड काढून नवं बसवलं, शनिवारी काम उरकलं, जुनं कार्ड पुसून घेऊन गेलो. सोमवारी तिथल्या टेलिफोन ऑपरेटर काकू आल्या आणि हळूच म्हणाल्या, दादा माझ्या एक्स्टेन्शनवर एक मेसेज होता, ह्यांचा, त्या दिवशी दवाखान्यातून त्यांनी केला होता, मी उचलला नव्हता. काही नव्हतं माझ्या हातात. त्या रागावल्या नाहीत, नुसत्या परत जागेवर जाऊन बसल्या, आणि ते मी विसरू शकत नाही. तेव्हापासून सिस्टीम बदलायच्या आधी आठवडाभर मी प्रत्येक टेबलावर जाऊन विचारतो, तुमच्या फोनवर काही ठेवायचं आहे का, आणि कुणी नाही म्हणालं तरी सगळ्या मेलबॉक्सची कॉपी महिनाभर जपतो.

तर ताई, सरांचा मेसेज कामाचाच असेल, अमुक फाईल टेबलावर ठेव एवढाच असेल, तरी बाहेर काढून जपा. मॅनेजर हो म्हणतील, मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. त्यातली खरखर काढू नका, सुरुवातीचं थांबणं, मधला खोकला, फोन ठेवताना होणारा खट आवाज, काही कापू नका, घरच्या माणसांना तेच हवं असतं. आणि त्यांच्या घरी एकदम फाईल पाठवून देऊ नका. आधी फोन करून विचारा, सरांचा आवाज आमच्याकडे आहे, तुम्हाला हवा आहे का, आत्ता हवा का नंतर. एका घरी वहिनी म्हणाल्या होत्या आत्ता नको, ठेवा तुमच्याकडे, आणि तीन वर्षांनी मुलीच्या लग्नाआधी त्यांचा फोन आला. फाईल होती म्हणून देता आली. पेन ड्राइव्हवर द्या आणि एक कॉपी मेलवर पण, पेन ड्राइव्ह कपाटात पडून पडून बिघडतात.

नव्या सिस्टीमवर गेल्यावर पहिल्याच दिवशी पिन बदला. बहुतेक ठिकाणी सुरुवातीचा पिन म्हणजे एक्स्टेन्शन नंबरच असतो, ४१२ चा ४१२, आणि तो वर्षानुवर्षं तसाच राहतो. इंग्लंडात न्यूज ऑफ द वर्ल्ड हा एवढा जुना पेपर २०११ साली बंद पडला तो लोकांचे व्हॉइसमेल चोरून ऐकल्याच्या प्रकरणातच, आणि त्या उद्योगात असे न बदललेले पिनच फार उपयोगी पडले होते.

शेवटी तपासणी. फोन लावून बाईला विचारा नवे किती जुने किती, ते आकडे कागदावर लिहा, बाकीच्या फोल्डरमधलेही मोजा आणि हातात आलेल्या फाईली मोजून ताळा करा. एखादी तरी फाईल हेडफोन लावून अगदी शेवटपर्यंत ऐका, कारण नाव आणि साईज बरोबर असून आत नुसती शांतता असलेल्या फाईलीही मी पाहिल्यात. आणि कॉपी आज केली तरी महिनाअखेरीपर्यंत गिऱ्हाइकांचे फोन येतच राहणार, तेव्हा ज्या दिवशी मशीन निघणार त्या संध्याकाळी, तार काढायच्या आधी, आयटीवाल्याला शेजारी उभं करून मधल्या दिवसांत आलेल्या मेसेजांची अजून एकदा कॉपी काढून घ्या.